लाडका पराभव

क्रिकेटवाल्याला पराभव पचवायला सवड मिळते. भारत एखादी कसोटी हरला की पुढची सुरू होईपर्यंत मध्ये चांगले चार-पाच दिवस असतात. तेवढ्यात कर्णधाराला काढून होतं, खेळपट्टीला शिव्या देऊन होतात, निवड समितीतल्या प्रत्येकाचं गाव आणि गोत्र काढून होतं. बेसबॉलमध्ये ही चैन नाही. अमेरिकेतल्या मेजर लीगचा संघ मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत १६२ सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोज एक. सोमवारच्या पराभवावर नीट चिडून होत नाही तोच मंगळवारचा सामना सुरू झालेला असतो. राग शिलकीत टाकायची सोय नाही, रोजचा रोज खर्चावा लागतो.

त्यात नुसतं हरणं ही तिथे बातमीच नसते. मोसमात शंभर सामने जिंकणारा संघ दिग्विजयी समजला जातो, आणि त्याच्याही खात्यावर बासष्ट पराभव असतात. त्यामुळे एप्रिलमध्ये संघ हरला की चाहता पॉपकॉर्न खात म्हणतो, 'मोसम लांब आहे.' मे महिन्यातही हेच म्हणतो. जुलैत जरा कमी जोरात म्हणतो. सप्टेंबर उजाडतो, आणि मोसम आता लांब राहिलेला नाही हे एकाएकी त्याच्या ध्यानात येतं. मग त्या महिन्यातला प्रत्येक पराभव त्याच्या पोटात जातो. सगळ्यात खोल जातो तो मुळमुळीत पराभव.

दणदणीत पराभवाचं एक बरं असतं. १५-२ ने धुलाई झाली की हसता येतं. शेवटच्या क्षणी हातातला सामना गेला की रडता येतं, आणि पुढे तीस वर्षं नातवंडांना सांगता येतं. पण नऊ डाव झाले, कोणी फार मोठी चूक केली नाही, कोणी पराक्रमही गाजवला नाही, प्रतिस्पर्धी तळाचा होता आणि तरी आपण एका धावेने हरलो, लोक उठले आणि पार्किंगमध्ये आपली गाडी शोधू लागले, तर असा सामना म्हणजे बिनमिठाचं वरण. वाईट झालं म्हणावं तर तसं काही झालेलं नसतं.

या प्रांतातलं अमेरिकेतलं मानाचं घराणं न्यूयॉर्क मेट्स.

न्यूयॉर्कमध्ये दोन संघ आहेत. पुण्यात एफसी रोडवर ज्या निळ्या-काळ्या टोप्या टांगलेल्या असतात, ज्यांवर एन आणि वाय ही अक्षरं एकमेकांत गुंतलेली असतात, तो यांकीज. त्यांनी सत्तावीस वेळा वर्ल्ड सीरिज जिंकली आहे, आणि ती टोपी घालणाऱ्या पुणेकराला हे माहीत नसलं तरी त्यांचं काही अडत नाही. दुसरा मेट्स. जन्म १९६२. पहिल्याच वर्षी १२० सामने हरले. वर्ल्ड सीरिज दोनदा जिंकले, १९६९ आणि १९८६. मेट्सची टोपी एफसी रोडवर मिळत नाही.

तरीही मराठी माणसाचं आणि मेट्सचं नातं जुनं आहे, आणि त्याचं कारण घरभाडं. सत्तर-ऐंशीच्या दशकात भारतातून येणारी बरीच मंडळी आधी क्वीन्समधल्या फ्लशिंगला उतरायची, कारण तिथलं भाडं परवडायचं. तिथे बाऊन स्ट्रीटवर १९७७ साली गणपतीचं देऊळ उभं राहिलं. देवळाच्या अलीकडे, सात नंबरच्या गाडीच्या एका स्टेशनावर, मेट्सचं मैदान. एकीकडे विघ्नहर्ता आणि दुसरीकडे विघ्न, अशी सोय जगात दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. पुढे ही मंडळी पैसे साठवून न्यू जर्सीत एडिसनला, मोठ्या घरांत गेली. जाताना कुकर, पुरणयंत्र आणि मेट्स एवढं बरोबर घेऊन गेली.

आमचे एक दूरच्या नात्यातले काका त्यांतले. ते १९८४ साली फ्लशिंगला आले. दोनच वर्षांत मेट्स जगज्जेते झाले. काकांचा समज झाला की हे असंच असतं. या समजावर त्यांनी पुढची एकोणचाळीस वर्षं काढली आहेत.

आता २०२५ चा मोसम. आदल्या डिसेंबरात मेट्सने हुआन सोतो नावाच्या फलंदाजाशी पंधरा वर्षांचा करार केला, ७६ कोटी ५० लाख डॉलरचा. आपल्या पैशांत साडेसहा हजार कोटी रुपयांच्या आसपास. एवढ्या रकमेत आपल्याकडे धरण होतं, निदान त्याचं भूमिपूजन तरी होतंच होतं. मोसम सुरू झाला आणि १२ जूनला मेट्सची स्थिती होती ४५ विजय, २४ पराभव. अख्ख्या मेजर लीगमध्ये सर्वांत चांगली. काकांनी बाद फेरीसाठी ऑक्टोबरातली भारतवारी रद्द केली. काकू म्हणाल्या, "अहो, तिकीट रिफंडेबल घ्या म्हटलं होतं मी." पण काकू मेट्सबरोबर संसार करून शहाण्या झालेल्या आहेत, त्यांनी तिकीट खरंच रिफंडेबल घेतलं होतं, आणि जानेवारीपर्यंत पुढे ढकलता येईल असं.

१२ जूनच्याच सामन्यात कोदाई सेंगा हा मेट्सचा पिचर पहिल्या बेसवर थ्रो झेलायला धावला. थ्रो जरा उंच आला. सेंगाने उडी मारून झेलला, समोरचा बाद झाला, मेट्स तो सामना जिंकलेही. पण सेंगाच्या मांडीचा स्नायू दुखावला. त्या दिवसानंतर मोसम संपेपर्यंत मेट्स ३८ सामने जिंकले आणि ५५ हरले. जरासा उंच थ्रो. इतिहासात राज्यं यापेक्षा लहान गोष्टींवरून गेली असतील, पण त्यांच्यावर रोज रात्री रेडिओवर चर्चा झाली नाही.

पुढे जे झालं ते पंचांगाप्रमाणे झालं, हे माझं नाही, काकांचं मत आहे, आणि तारखा बघितल्या तर त्यांना खोडता येत नाही. त्या वर्षी अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. एडिसनकडच्या मंडळींनी बाप्पाला निरोप दिला. त्याच दिवशी सिनसिनाटीत मेट्स रेड्सकडून हरले, आणि तिथून सलग आठ सामने हरत गेले. विसर्जन झालं आणि लगेच पितृपक्ष लागला. या दिवसांत शुभकार्य करू नये असा शिरस्ता आहे. मेट्सने तो आठ दिवस कसोशीने पाळला, एकही विजय मिळवला नाही. "पंचांग एवढं काटेकोर आपल्या घरातही कोणी पाळत नाही," असं काकू म्हणाल्या.

सर्वपित्री अमावस्या २१ सप्टेंबरला, रविवारी आली. नेमका तोच मेट्सचा घरच्या मैदानावरचा मोसमातला शेवटचा सामना. समोर वॉशिंग्टन नॅशनल्स, म्हणजे गटातला तळाचा संघ, जो मोसमात ९६ सामने हरला. हा सामना जिंकायला हवा होता असं म्हणणंसुद्धा नॅशनल्सचा जास्तच मान ठेवणं झालं असतं. तो जिंकलेलाच धरला होता. काकांनी सकाळी पान वाढून बाहेर ठेवलं आणि कावळ्याची वाट पाहत उभे राहिले. एडिसनच्या कावळ्यांना अजून या कामाची सवय झालेली नाही. शेवटी काकू आतून म्हणाल्या, "अहो, शिवेल तेव्हा शिवेल. पार्किंग भरलं तर तुमचे पितर काही जागा धरून ठेवणार नाहीत." आम्ही निघालो.

मैदान गच्च होतं. मेट्सच्या चाहत्यांविषयी जगात एक गैरसमज आहे की ते चिडके आहेत. सामना पाहताना ते चिडत नाहीत. चिडण्यासाठी काहीतरी घडावं लागतं. पहिले पाच-सहा डाव ते निरनिराळ्या गोष्टींकडे बघतात. डोक्यावरून लाग्वार्डिया विमानतळाकडे जाणारी विमानं मोजतात. मेट्सच्या माणसाने होम रन मारला की मध्यक्षेत्राच्या मागून एक भलंमोठं लाल सफरचंद वर येतं. पोरं त्याच्याकडे डोळे लावून बसतात, आणि मुळमुळीत सामन्यात मानेला रग लागून झोपी जातात. आमच्या पुढच्या रांगेत एक आजीबाई मांडीवर वही घेऊन प्रत्येक चेंडूची नोंद पेन्सिलीने करत होत्या. अशी माणसं बेसबॉलमध्ये अजून आहेत. बाकीचे लोक पराभव नुसता पाहतात, या बाई तो हाताने लिहून घेतात. त्या सबंध सामन्यात एकदाही ओरडल्या नाहीत, फक्त सातव्या डावात पेन्सिलीचं टोक मोडलं.

मेट्सचं फलंदाजीतलं काम कसं चाललं होतं ते सांगायला नको. बेसवर माणसं जाऊन उभी राहत होती आणि तिथेच राहत होती. "ही माणसं घरी आणायची कोणी?" असं काका दर डावाला विचारत होते, आणि मग स्वतःच "असू दे, असू दे, मोसम लांब आहे" म्हणत होते, मोसमाचे सात दिवस उरलेले असताना.

खरा सामना मात्र उजवीकडच्या फलकावर चालला होता. शेवटच्या वाइल्ड कार्डसाठी, म्हणजे बाद फेरीतल्या शेवटच्या जागेसाठी, मेट्सशी झगडत होता सिनसिनाटीचा संघ, आणि तो शिकागो कब्जविरुद्ध १-० ने पुढे होता. मोसमाच्या अखेरीला चाहत्याची ही एक मजेदार अवस्था होते. स्वतःच्या संघाकडून आशा उरत नाही, तेव्हा तो दुसऱ्याच्या वाईटावर टपून बसतो. त्या दिवशी चाळीस हजार न्यूयॉर्कवाले अचानक शिकागोचे निष्ठावंत झाले. शिकागोच्या फलंदाजाचं नाव ठाऊक नाही, पण 'अरे मार ना बाबा' चाललं होतं. माझ्या शेजारच्या तरुणाने मोबाइलवर एक तक्ता काढला होता: मेट्स हरले आणि रेड्सही हरले तर काय, मेट्स जिंकले आणि रेड्स हरले तर काय. दहावीच्या बीजगणितात ज्या मुलांना क्ष आणि य यांचं कधी जमलं नाही, ती सप्टेंबरात बरोबर उत्तरं काढतात. बेसबॉलमध्ये 'मॅजिक नंबर' म्हणून एक आकडा असतो, आपल्याला पात्र ठरायला आपले विजय आणि समोरच्याचे पराभव मिळून किती हवेत, तो. त्याचीच उलटी बाजू, आपण बाहेर पडायला किती उरले, तिला चाहते 'ट्रॅजिक नंबर' म्हणतात. मेट्सचा चाहता दुसराच मोजतो.

मधल्या काळात नॅशनल्सच्या जेकब यंग नावाच्या क्षेत्ररक्षकाने एक विचित्र प्रकार केला. भिंतीपाशी चेंडू त्याच्या हातून निसटला, खाली पडता पडता पायाने वर उडाला आणि त्याने तो पुन्हा झेलला. कायद्याने बाद! सगळं स्टेडियम आधी गप्प झालं आणि मग हसलं. त्या दुपारचा मेट्सच्या चाहत्यांचा तो सर्वांत सुखाचा क्षण. का, ते सांगते: अखेर काहीतरी घडलं होतं. आता या पराभवाला सांगण्यासारखी एक गोष्ट मिळाली. आजीबाईंनी वहीच्या समासात छोटासा बूट काढलेला मी पाहिला.

आठव्या डावात काकांनी टोपी उलटी केली, आतली शिवण बाहेर येईल अशी. हा १९८६ पासूनचा नवस आहे, संघ मागे असला की सगळ्यांनी असं करायचं आणि विजय खेचून आणायचा. आजूबाजूला शंभर एक टोप्या उलट्या झाल्या. नवव्या डावात मेट्सच्या एकाने बरोबरी करू शकेल असा फटका मारला, लोक उभे राहिले, आणि तोच तो यंग भिंतीशी उडी मारून चेंडू घेऊन खाली आला. ३-२, नॅशनल्स. शिकागोवाल्यांनीही १-० ने हरून आपला शब्द मोडला. मेट्स आणि रेड्स बरोबरीत आले, आणि बरोबरीत रेड्सचा हक्क आधीचा, कारण आपसातल्या सहा सामन्यांत चार त्यांनी जिंकले होते.

मग हुर्यो उडाली. न्यूयॉर्कची हुर्यो ऐकण्यासारखी असते. तिच्यात द्वेष नसतो, कर्तव्यभावना असते. आरती संपताना शेवटचा घोष जसा सगळे मिळून करतात तशी ती एका सुरात येते. खेळाडूंना ती नेहमी समजते असं नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये हावियेर बाएझ आणि आणखी काही जणांनी चाहत्यांना खाली वळवलेला अंगठा दाखवायला सुरुवात केली, आणि तुम्ही आमची हुर्यो उडवता म्हणून आम्ही तुमची उडवतो, असा खुलासा बाएझने केला. दोनच दिवसांनी तो मैदानात आला तेव्हा त्याच लोकांनी त्याची पोटभर हुर्यो उडवली आणि थोड्या वेळाने त्याने विजयी धाव काढल्यावर त्यालाच डोक्यावर घेतलं. २०१७ मध्ये तर प्रकरण शुभंकरापर्यंत गेलं होतं. मिस्टर मेट हा चेंडूच्या डोक्याचा सदा हसरा बाहुला. एका पराभवानंतर प्रेक्षकांकडून काहीतरी ऐकून त्याने त्यांना मधलं बोट दाखवलं. क्लबने माफी मागितली. पण चाहत्यांत वाद पेटला तो वेगळाच: मिस्टर मेटच्या पंजाला बोटं चारच आहेत, तेव्हा त्यातलं मधलं कुठलं? संघ हरला होता हे त्या आठवड्यात कोणाला आठवलंही नाही.

परतताना गाडीत काकांनी रेडिओ लावला. न्यूयॉर्कमध्ये चोवीस तास फक्त खेळावर बोलणारं एक स्टेशन १९८७ पासून चालू आहे, आणि मेट्स नसते तर त्याला रात्री अकरानंतर काय वाजवायचं हा प्रश्नच पडला असता. फोन करणारे लोक आधी एक ठरलेलं वाक्य म्हणतात: ऐकतो आहे कित्येक वर्षं, फोन मात्र पहिल्यांदाच करतोय. पुढे प्रत्येकाचा आवाज निराळा पण मागणी एक, कोणाला तरी काढा. फलंदाजीचा प्रशिक्षक काढा. गोलंदाजीचा काढा. मॅनेजरला काढा. एकाने मैदानावर माती सारखी करणाऱ्यांपासून सुरुवात करावी असं सुचवलं.

इथे मेट्सवाल्यांची अडचण समजून घ्यायला हवी. २०११ च्या सप्टेंबरात बॉस्टन रेड सॉक्स असेच गडगडले होते, महिन्यात सात विजय, वीस पराभव. बॉस्टनच्या लोकांना काय करावं कळेना. पण ऑक्टोबरात वर्तमानपत्रात आलं की काही पिचर सामना चालू असताना आत कपडे बदलायच्या खोलीत बसून तळलेलं चिकन खात होते आणि बिअर पीत होते. शहराला एवढं हलकं वाटलं! चिकन सापडलं. कारण मिळालं. आजही बॉस्टनमध्ये तो मोसम 'चिकन आणि बिअर' या नावाने निघतो, आणि ते वीस सामने कसे हरले हे कोणी विचारत नाही. मेट्समध्ये चिकन सापडेना. सोतोने ४३ होम रन मारले. अलोन्सोने ३८ मारले, शिवाय क्लबच्या इतिहासातला सर्वांत जास्त होम रनचा विक्रम मोडला. लिंडोरने ३१. मेट्समध्ये सर्वांत जास्त चोऱ्या केल्या त्याही सोतोनेच, ३८ बेसच्या, आणि त्याबद्दल त्याला शाबासकी मिळाली. सगळे चांगले खेळले आणि सगळे मिळून हरले. अशा वेळी राग कुठे ठेवायचा? कोणीच सापडलं नाही की चाहते शेवटी बॉबी बोनियाकडे वळतात. हा गृहस्थ मेट्सकडून शेवटचा खेळला १९९९ मध्ये. त्याचे उरलेले पैसे तेव्हाच देण्याऐवजी व्याजासह हप्त्याने द्यायचं ठरलं, आणि आता २०३५ पर्यंत दर १ जुलैला त्याला अकरा लाख त्र्याण्णव हजार डॉलर मिळतात. चाहते तो दिवस सणासारखा साजरा करतात. न खेळता पगार घेणारा तो एकच नाही.

शेवटचा दिवस, २८ सप्टेंबर, मायामी. समोर मार्लिन्स. आता मार्लिन्स हे नाव मेट्सच्या घरात रात्री घेत नाहीत. २००७ साली सतरा सामने उरले असताना मेट्सकडे सात सामन्यांची आघाडी होती. त्यातले अकरा हरून ते शेवटच्या दिवसावर आले, आणि मार्लिन्सनी ८-१ ने घालवलं. त्या दिवशी टॉम ग्लॅव्हिन या अनुभवी पिचरने एकच माणूस बाद केला आणि सात धावा दिल्या. सामन्यानंतर तो पत्रकारांना शांतपणे म्हणाला की निराश झालो आहे, पण उद्ध्वस्त वगैरे झालेलो नाही. चाहत्यांनी सात धावा केव्हाच माफ केल्या आहेत. ते वाक्य नाही केलं. २००८ साली पुन्हा शेवटचा दिवस, पुन्हा मार्लिन्स, ४-२. तो मेट्सच्या जुन्या मैदानातला, शे स्टेडियममधला, अखेरचा सामना होता. हरल्यानंतर लगेच मैदानाच्या निरोपाचा समारंभ ठरलेला, जुने खेळाडू रांगेने आले, लोकांनी त्याच ओल्या डोळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका रडण्यात दोन कार्यं उरकली.

२०२५ मध्ये ४-० ने हरले. त्याच दिवशी रेड्सही हरले होते, म्हणजे मेट्सनी आपला सामना नुसता जिंकायचा होता. दोघेही ८३-७९ वर थांबले आणि रेड्स आत गेले. मार्लिन्स संपले ७९-८३ वर, मेट्सचेच आकडे उलटे वाचल्यासारखे. त्यानंतर मालक स्टीव्ह कोहेन यांनी चाहत्यांची जाहीर माफी मागितली: तुम्ही येऊन तुमचं काम केलंत, आम्ही आमचं केलं नाही, अशा अर्थाची. हे वाचून काका खरे संतापले. "मालकाने माफी मागितल्यावर आता रागवायचं कोणावर? ही काय रीत झाली?"

पण खरी मजा पुढे आली, कोजागिरीला. मंडळी कुणाच्या तरी अंगणात जमली होती, मसाला दूध आटत होतं, आणि पुरुषांच्या कोंडाळ्यात (काकूंसकट, काकू तिथेच होत्या) एक हिशोब निघाला. मेट्स एका विजयाने चुकले. म्हणजे ७९ पराभवांपैकी कुठलाही एक, अगदी कुठलाही, उलटा झाला असता तर संघ आत गेला असता. मग तो कोणता? आणि प्रत्येकाने आपला लाडका पराभव काढला. एकाचा ६ सप्टेंबरचा, रेड्सशी थेट होता म्हणून. एकाचा २० सप्टेंबरचा, अकरा डाव खेळून नॅशनल्सकडून हरलेला. एका तरुणाने एप्रिलमधला असा एक काढला जो कोणालाच आठवत नव्हता, आणि त्याबद्दल त्याला विशेष मान मिळाला. काकांनी अर्थात सर्वपित्रीचा धरला. "कावळा शिवायच्या आधी निघालो," असं ते म्हणाले आणि काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "बरोबर आहे. चुकलंच माझं. पुढच्या वर्षी तुम्ही कावळ्यापाशी थांबा, सामना मी बघून येते." दूध उतू जाईपर्यंत हे चाललं. ज्यांना वर्ल्ड सीरिज मिळाली त्या लॉस एंजेलिसवाल्यांना एवढा वेळ बोलायला काही मिळालं असेल असं मला वाटत नाही; जिंकलं, संपलं.

पराभवाची ही गंमत शिकागोच्या लोकांना आधीच उमगली होती. २०२४ मध्ये व्हाइट सॉक्स एवढे हरले की १९६२ च्या मेट्सचा १२० पराभवांचा विक्रम त्यांच्या टप्प्यात आला. १२० झाले, आणि १२१ वा घरच्या मैदानावर बघायला लोक उत्साहाने जमले. व्हाइट सॉक्सनी सलग तीन सामने जिंकले! लोक 'संघ विकून टाका' म्हणून ओरडत होते आणि संघ जिंकत होता. शेवटी डेट्रॉइटला जाऊन ४-१ ने हरले आणि विक्रम केला, परगावी, जिथे कौतुकाला घरचं कोणी नाही. काकांना त्या रात्री झोप लागली नाही. "आपल्या नावावर एक गोष्ट होती, तीही गेली."

डिसेंबरात अलोन्सो बाल्टिमोरला गेला, पिचर एडविन डियाझ लॉस एंजेलिसला. सप्टेंबरात ज्यांची हुर्यो उडवली त्यांच्यासाठी डिसेंबरात लोकांनी डोळे पुसले. 'आपला पोरगा' असा अलोन्सोचा उल्लेख मी काकांच्या तोंडून पहिल्यांदा तेव्हा ऐकला. आणि त्या २०२५ मध्ये, १२ जूननंतर जिंकण्यापेक्षा हरणंच जास्त होत असताना, मेट्सच्या मैदानावर ३१ लाखांहून जास्त प्रेक्षक आले. सिटी फील्ड हे मैदान बांधल्यापासून इतके कधीच आले नव्हते.

तेव्हा न्यूयॉर्कला कधी सप्टेंबरात जाणं झालंच, तर एक दुपार काढा. सात नंबरच्या गाडीने जा, वरच्या रांगेतलं स्वस्त तिकीट घ्या, शेंगा घ्या, पुढच्या रांगेत वहीवाल्या आजी आहेत का बघा. मात्र आठवा डाव संपला आणि मेट्स मागे असले, तर खुशाल उठा, कोणी काही म्हटलं तरी. २०२५ मध्ये आठ डावांनंतर मागे असण्याची वेळ त्यांच्यावर सत्तर सामन्यांत आली, आणि सत्तरही ते हरले. त्याच गाडीने एक स्टेशन पुढे उतरलात तर देवळाच्या कॅन्टीनमध्ये गर्दी व्हायच्या आधी डोसा मिळतो. काकांना बरोबर नेऊ नका, ते उठत नाहीत.